धाराशिवची सर्वात मोठी खो-खोपटू कोण? क्रमवारी लावायची तरी कशी?

क्रिकेटमध्ये धावा आणि बळी मोजून यादी करता येते. खो-खोत ते इतकं सोपं नाही. तरीही धाराशिव (पूर्वीचं उस्मानाबाद) जिल्ह्यात खो-खोचा विषय निघाला, की दोन नावं हमखास येतात: सारिका काळे आणि अश्विनी शिंदे. यातलं पहिलं स्थान कुणाचं?

क्रमवारी अवघड का?

पारंपरिक खो-खोत एक गडी बाद केला की एक गुण मिळतो. 2025 च्या विश्वचषकात एका गड्याला दोन गुण होते. शिवाय संरक्षण करणारी तुकडी ठरावीक वेळ टिकली, तर 'ड्रीम रन'चे वेगळे गुण. त्यामुळे जुन्या आणि नव्या सामन्यांतले आकडे शेजारी ठेवून तुलना होत नाही. त्यात एखादी खेळाडू आक्रमणात तेज असते, तर दुसरी संरक्षणात चिवट. म्हणून इथे तीन निकष घेतले आहेत: आंतरराष्ट्रीय यश, नेतृत्व आणि खेळावर झालेला परिणाम.

1. सारिका काळे

2016 मध्ये दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत खो-खोचा पहिल्यांदाच समावेश झाला. गुवाहाटीत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार होती सारिका. 2020 मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोपटूला हा मान 22 वर्षांनी मिळत होता. त्याआधी 1998 साठी शोभा नारायण यांची निवड झाली होती.

हा प्रवास सोपा नव्हता. घरची परिस्थिती हलाखीची. पैशांच्या ओढाताणीमुळे तिने एकदा खेळ सोडायचंही ठरवलं होतं. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी समजूत काढली आणि ती मैदानावर परतली. पुढे ती तुळजापूरला क्रीडा अधिकारी झाली. खो-खो खेळून सरकारी नोकरी मिळू शकते, हे गावाकडच्या पालकांना पटवायला याहून मोठा दाखला नाही.

2. अश्विनी शिंदे

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारतीय महिलांनी अंतिम सामन्यात नेपाळला 78-40 असं हरवलं. त्या विजेत्या संघात धाराशिवची अश्विनी होती. विश्वचषक सारिकाच्या वाट्याला आला नाही, ही अश्विनीची मोठी जमेची बाजू.

प्रियंका इंगळे यादीत का नाही?

विश्वविजेत्या संघाची ही कर्णधार मूळची शेजारच्या बीड जिल्ह्यातली आणि घडली पुणे परिसरात. त्यामुळे धाराशिवच्या यादीत ती बसत नाही.

मग निकाल काय?

तिन्ही निकष एकत्र धरले, तर आज पहिलं स्थान सारिकाचं. अश्विनीकडे विश्वचषक आहे, पण सारिकाने संघाचं नेतृत्व केलं, अर्जुन मिळवला आणि मागून येणाऱ्या मुलींसाठी वाट मोकळी केली. पुढच्या काही वर्षांत हा क्रम बदलला, तर धाराशिवकरांना त्याचा आनंदच होईल.