अग्नीची राखण

अमेरिकेत अंगणात मांस भाजण्यासाठी चूल घेऊ पाहणाऱ्यापुढे आज दोन परंपरा उभ्या आहेत. पहिलीचे मूळ जपानात. चुलीला तेथे ‘कामादो’ म्हणतात. भात शिजविण्याची जाड मातीची, घुमटाकार चूल दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैनिकांनी मायदेशी नेली. १९७४ साली एड फिशर यांनी अटलांटा येथे अशा चुलींचा व्यापार आरंभिला. पुढे मातीची जागा टिकाऊ सिरॅमिकने घेतली. तिच्यात लाकडी कोळसा जळतो, आणि वरखालच्या झरोक्यांतून वारा किती द्यावा, हे माणूस ठरवितो.

दुसरी परंपरा ऑरेगनची. तेथील जो ट्रेगर यांना भुशाच्या दाबीव गोळ्यांवर चालणाऱ्या चुलीचे पेटंट मिळाले. विजेवर फिरणारा मळसूत्री दांडा गोळ्या आत सारतो, पंखा वारा घालतो. माणसाने केवळ उष्णतामान ठरवावे.

तथापि वीज गेली की ही चूल थांबते. सिरॅमिकची चूल विजेवाचून जळत राहते, पण राखणदार मागते. म्हणून खरी निवड इंधनाची नव्हे. ज्याला अवधान देता येते, त्याने कोळसा पत्करावा. ज्याला ते अन्यत्र द्यावयाचे आहे, त्याने यंत्र. मात्र सोयीचे मोल परावलंबनाने चुकवावे लागते, हे त्याने विसरू नये.