चासीचा नंबर, बॉडीचा मिस्त्री

कळंबोलीचा लोखंड बाजार नवी मुंबईत राहणाऱ्यांना चांगला ठाऊक आहे. त्याच्या आसपास ट्रकदुरुस्तीची लहानमोठी शेडं आहेत. त्यातल्या एका शेडमध्ये मागच्या वर्षी ओळखीच्या एका फळव्यापाऱ्यानं मला बोलावून घेतलं. तिथं दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. एक होती १९५०च्या दशकातली फार्गो पिकअप. रंग उडालेला, पण नाक अजून ताठ. दुसरी अलीकडची पिकअप. तिची केबिन आणि मागचा हौदा उतरवून बाजूला ठेवला होता. उरली होती नुसती चाकं, इंजिन आणि दोन लांब लोखंडी तुळया.

व्यापाऱ्याची इच्छा साधी होती. फार्गो त्याच्या वडिलांची. तिची बॉडी या नव्या चासीवर बसवायची. खालून नवं, वरून जुनं. ब्रेक आजचे, रूप वडिलांच्या वेळचं. त्यानं मला बोलावलं ते मी कवी म्हणून नाही. त्या फार्गोचा हौदा १९६८ साली माझ्या अब्बांनी कुर्ल्याला बांधला होता, म्हणून.

मूळ शब्द चेसिस. गॅरेजात आला आणि त्याची चासी झाली. चासी म्हणजे गाडीचा सांगाडा. बॉडी म्हणजे त्यावरचं सगळं. आज मोटार कारखान्यातून अखंड बाहेर पडते, त्यामुळे हे दोन वेगळे धंदे होते हे आपण विसरलो. रोल्स-रॉइससारखी कंपनीसुद्धा दुसऱ्या महायुद्धापर्यंत फक्त चासी आणि इंजिन विकायची. बॉडी गिऱ्हाइकानं आपल्या पसंतीच्या कारागिराकडून बांधून घ्यायची. संस्थानिकांच्या मोटारी एकीसारखी दुसरी नसायच्या, त्याचं कारण हेच. जी रीत राजाच्या मोटारीची, तीच मालाच्या ट्रकची. फरक एवढाच, की राजाच्या गाडीला चांदीची मूठ आणि ट्रकला लाकडाचा फाळका.

मुंबई या धंद्याचं मोठं ठाणं होतं. जनरल मोटर्सनं १९२८ साली शिवडीला जुळणीचा कारखाना काढला, तो १९५४पर्यंत चालला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या त्या कारखान्यात क्रायस्लर कंपनीच्या गाड्या जुळू लागल्या. डॉज, डिसोटो, फार्गो ही त्याच घराण्यातली नावं. यंत्र बरंचसं तेच, नाकावरचा बिल्ला वेगळा.

बिल्ल्यावरून आठवलं. १९५४मध्ये टाटांनी जर्मनीच्या डायमलर-बेंझशी करार केला आणि आपल्या रस्त्यांवर टाटा-मर्सिडीज ट्रक धावू लागले. १९६९मध्ये करार संपला, ट्रकवरचा तारा गेला आणि टाटांचं चिन्ह आलं. आमच्या गल्लीतले ड्रायव्हर मात्र पुढे कितीतरी वर्षं त्या ट्रकला मर्सिडीजच म्हणत.

आणखी एक नाव बदललेलं सांगतो. १९४५ साली महिंद्र बंधूंनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्यासह ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही पोलादाचा व्यापार करणारी कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८मध्ये कंपनीचं नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झालं. ‘एम अँड एम’ ही आद्याक्षरं मात्र जागची हलली नाहीत. याच कंपनीनं मुंबईत विलिज जीपची जुळणी केली आणि १९६०च्या दशकात हलक्या मालगाड्या बनवायला घेतल्या. मराठीत कविता लिहिणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला या आद्याक्षरांचं जरा जास्त अप्रूप वाटतं. का, ते सांगत बसत नाही.

चासी एक आणि बॉडी दुसरी, याचा सर्वांत ओळखीचा दाखला म्हणजे आपली एस. टी. १ जून १९४८ला पुण्याहून तेव्हाच्या अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, पहिली बस सुटली. तिची बॉडी लाकडी होती. पुढे दापोडी, चिकलठाणा आणि नागपूरजवळचं हिंगणा इथल्या मध्यवर्ती कार्यशाळांत एस. टी. स्वतः बॉड्या बांधू लागली. चासी टाटा किंवा लेलँडची, बॉडी घरची. लाकडानंतर ॲल्युमिनियम आलं. मग २०१०च्या दशकाच्या उत्तरार्धात जुन्या चासीवरची ॲल्युमिनियमची बॉडी उतरवून पोलादी बॉडी चढवायचं काम या कार्यशाळांनी हाती घेतलं. २०२०मध्ये करोनामुळे प्रवासी थांबले, तेव्हा एस. टी.नं जुन्या बसमधली बाकं काढली, त्यांचे मालट्रक केले आणि माल वाहायला सुरुवात केली. ज्या चासीनं वऱ्हाडं नेली, शाळेची पोरं नेली, तिनंच धान्याची पोती नेली.

आता व्यापाऱ्याच्या गाडीकडे येऊ. नव्या चासीवर जुनी बॉडी बसवणं हे टोपी बदलण्याइतकं सोपं नसतं. पिकअपच्या चासीत दोन लांब पन्हाळी असतात आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या. शिडी आडवी ठेवावी तसा आकार. पुढच्या आणि मागच्या आसातलं अंतर दोन्ही गाड्यांचं क्वचितच जुळतं. चार बोटं चुकली तरी चाक मडगार्डच्या कमानीत मधोमध येत नाही आणि गाडी लंगडी दिसते. जुन्या केबिनची पुढची भिंत नव्या इंजिनाला आडवी येते, ती कापावी लागते. स्टिअरिंगचा दांडा, पायातले पेडल, रेडिएटर यांच्या जागा नव्यानं ठरवाव्या लागतात. त्यात आजच्या इंजिनाला संगणकाचा मेंदू आणि हातभर वायरिंग. जुन्या अमेरिकन गाड्यांतल्या कितीएक सहा व्होल्टच्या बॅटरीवर चालायच्या. त्यांच्या दिव्यांना आणि मोटरांना आजची बारा व्होल्टची वीज सोसत नाही.

अब्बांना संगणक ठाऊक नव्हता, पण चासी ठाऊक होती. ते सांगत, चासी जिवंत असते. खड्ड्यातून जाताना ती पीळ खाते आणि पुन्हा सरळ होते. म्हणून तिच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडायचं नाही आणि टाका मारायचा नाही. भोक पाडलं की तडा तिथूनच सुरू होतो. हौदा आणि चासी यांच्या मध्ये कठीण लाकडाची पट्टी घालायची, म्हणजे लोखंड लोखंडाला घासत नाही, आणि यू-बोल्टनं दोघांना आवळायचं. फार ढिलं ठेवलं तर हौदा नाचतो, फार घट्ट केलं तर चासीचा श्वास कोंडतो. कुर्ल्याच्या शेडमध्ये सुतार, लोहार, पत्रेवाला, पेंटर अशी सगळी माणसं एका गाडीभोवती असत. कुणी कोकणातला, कुणी पंजाबातला, कुणी उत्तर प्रदेशातला. मागच्या फाळक्यावर पेंटर ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायचा, तेव्हा गाडी पूर्ण झाली असं आम्ही पोरं समजायचो. ती अक्षरं विनाकारण हॉर्न वाजवायला लावतात म्हणून २०१५मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन खात्यानं त्यांवर बंदी घातली.

त्या दिवसांचं गुणगान मला करायचं नाही. कारखान्यातून नुसती चासी निघायची आणि ड्रायव्हर फळीवर बसून, तोंडाला फडकं गुंडाळून, उन्हापावसात ती शेकडो किलोमीटर हाकत बॉडीवाल्याकडे आणायचा. लाकडी केबिन दिसायला देखणी, पण समोरून धडक बसली की आतल्या माणसाला वाचवण्याचं बळ तिच्यात नसे. अब्बांनी बांधलेल्या एका केबिनचा असाच चुराडा झाला. ते पाहायला गेले, परत आले आणि दोन दिवस कामावर गेले नाहीत. आज बस आणि ट्रकच्या बॉड्यांसाठी मानकं आहेत. १ ऑक्टोबर २०२५पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड मालट्रकच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचं झालं आहे. यात मिस्त्रीच्या हाताचं काम कमी झालं हे खरं, पण ड्रायव्हरच्या जिवाला किंमत आली हेही खरं.

कळंबोलीच्या मिस्त्रीनं व्यापाऱ्याला विचारलेला प्रश्न नेमका होता. “शेठ, बॉडी मी बसवतो. पण पासिंग कुणाच्या नावावर? हिच्या की तिच्या?”

कायद्याच्या लेखी गाडीची ओळख म्हणजे चासीवर कोरलेला नंबर आणि इंजिनचा नंबर. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम सांगतं, की निर्मात्यानं मुळात दिलेल्या तपशिलाशी नोंदणीपत्र जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९मध्ये केरळातल्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. गॅस किटसारख्या बदलांना परवानगीची वाट आहे. अख्खी केबिन बदलणं त्यात बसवणं कठीण. दुसऱ्या बाजूला, जुलै २०२१मध्ये केंद्र सरकारनं विंटेज गाड्यांसाठी नियम आणले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूप राखलेली दुचाकी किंवा चारचाकी असेल तर तिला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते. पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला चालत नाही, आणि अशी गाडी धंद्याला लावता येत नाही. म्हणजे जोडून केलेली ही गाडी नवीही ठरणार नव्हती आणि जुनीही. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, तशी तिची गत.

त्यावर शेडमध्ये आलेल्या एका एजंटानं उपाय सुचवला. फार्गोचा नंबर नव्या चासीवर ठोकून देतो. जुनं आरसी बुक आहेच. आणि माझ्याकडे वळून म्हणाला, “तुम्ही फक्त लिहून द्या, की ही गाडी तीच, तुमच्या वडिलांनी बांधलेली. लिहिणाऱ्या माणसाच्या शब्दाला वजन असतं.”

व्यापारी माझ्याकडे पाहत होता. त्याच्या मनात खोट नव्हती. त्याला वडिलांच्या गाडीत बसून एकदा तुर्भ्याच्या बाजारात जायचं होतं, एवढंच. पण चासीचा नंबर बदलणं हा गुन्हा आहे, आणि चोरीच्या गाड्या पचवायची ती जुनी तऱ्हा आहे. कुर्ल्यात अशी माणसं अब्बांकडेही यायची. पैसे चांगले द्यायची. अब्बा म्हणायचे, लाकूड माझं, खिळे माझे, पण नंबराला माझी हातोडी लागणार नाही. मी व्यापाऱ्याला नाही म्हणालो. तो काही बोलला नाही. चहा मात्र अर्धाच प्यायला.

मग मिस्त्रीनं दिवा घेतला आणि फार्गोच्या खाली शिरला. मीही वाकलो. तिची स्वतःची चासी दोन जागी गंजली होती, मागच्या कमानपाट्यांच्या बिजागरीजवळ. बाकी पन्हाळ शाबूत होती. हे दुरुस्त होईल, तो म्हणाला, पण वेळ लागेल आणि गाडी पूर्वीसारखी हळूच चालेल. हौद्याच्या तळफळीखाली पेन्सिलीच्या खुणा दिसल्या. मापं, मराठी आकड्यांत. पाचला काढलेली अब्बांची ती लांब शेपटी मी कुठंही ओळखली असती. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. कारखान्यातून आलेला हौदा कुजला, म्हणून तर अब्बांनी हा बांधला होता. ज्याला आम्ही मूळ म्हणत होतो, तो मुळातच दुसरा होता. विंटेजचा अर्ज केला तर अधिकारी हे विचारेल, आणि त्याला खरं तेच सांगावं लागेल.

शेवटी नव्या पिकअपला तिची केबिन आणि हौदा परत मिळाला. ती आता रोज पहाटे फळं वाहते. फार्गो आपल्याच चासीवर राहिली. मिस्त्री सवड मिळेल तसा तिचा गंज काढतोय. नोंदणीचं काय होईल ते पुढे पाहू, असं व्यापारी म्हणतो. मध्यंतरी त्याचा फोन आला होता. हौद्याच्या दोन फळ्या बदलाव्या लागतायत, जुन्या टाकून देऊ का, असं विचारत होता. मी म्हटलं, टाकू नका, मी येतो न्यायला.