एक थेंब पडायला तेरा वर्षं! विज्ञानातले जगावेगळे आणि सर्वात संथ विक्रम

१९८८ सालची गोष्ट. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहरात 'वर्ल्ड एक्स्पो' भरला होता. तिथे क्वीन्सलंड विद्यापीठाने काचेचं एक नरसाळं मांडून ठेवलं होतं. नरसाळ्यात काळंकुट्ट डांबर आणि खाली लोंबणारा एक जाडजूड थेंब. तो आता पडेल, मग पडेल अशी अवस्था होती. प्रयोगाची देखभाल करणारे प्राध्यापक जॉन मेनस्टोन तिथेच होते. थोडा वेळ ते काहीतरी प्यायला बाहेर गेले आणि परत येऊन पाहतात तो काय, थेंब पडून गेलेला! आधीचा थेंब १९७९ साली पडला होता. म्हणजे नऊ वर्षांची प्रतीक्षा काही मिनिटांसाठी वाया गेली.

विश्वविक्रम म्हटलं की आपल्याला सर्वात वेगवान, सर्वात उंच, सर्वात मोठं असं काहीतरी आठवतं. पण विज्ञानात काही विक्रम नेमके उलटे आहेत. तिथे घाई करून काहीच मिळत नाही. अशाच चार गोष्टी आज पाहूया.

१. डांबराचा थेंब

हा प्रयोग सुरू केला थॉमस पार्नेल यांनी. ते क्वीन्सलंड विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. वरून घट्ट दिसणारा पदार्थ प्रत्यक्षात द्रव असू शकतो, हे त्यांना विद्यार्थ्यांना दाखवायचं होतं. त्यासाठी त्यांनी निवडलं 'पिच' म्हणजे डांबराच्या जातीचा पदार्थ. हातोडी मारली तर त्याचे काचेसारखे तुकडे होतात. पण नुसता ठेवून दिला तर तो वाहतो, फक्त त्याचं वाहणं आपल्या डोळ्यांना दिसत नाही.

१९२७ साली पार्नेल यांनी डांबर तापवून बंद नरसाळ्यात ओतलं. ते नीट बसावं म्हणून तीन वर्षं थांबले आणि १९३० साली नरसाळ्याचं खालचं तोंड कापलं. पहिला थेंब पडला १९३८ च्या डिसेंबरमध्ये. दुसरा १९४७ साली. १९४८ साली पार्नेल गेले. म्हणजे त्यांच्या हयातीत फक्त दोन थेंब पडले.

या थेंबांवरून शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला. हे डांबर पाण्यापेक्षा सुमारे २३ हजार कोटी पट दाट आहे! गंमत म्हणजे १९८८ नंतर थेंबांचा वेग आणखी मंदावला. कारण अगदी साधं आहे. इमारतीत वातानुकूलन आलं, खोली थंड राहू लागली आणि डांबर आणखी घट्ट झालं. आधी आठ-नऊ वर्षांनी पडणारे थेंब आता बारा-तेरा वर्षं घेऊ लागले.

मेनस्टोन यांनी १९६१ पासून हा प्रयोग सांभाळला. १९८८ ची चुटपुट लागलेली असल्यामुळे २००० साली थेंबावर कॅमेरा लावला होता. ऐन वेळी कॅमेराच बिघडला आणि थेंब पुन्हा निसटला. २०१३ च्या ऑगस्टमध्ये मेनस्टोन यांचं निधन झालं. पन्नासहून अधिक वर्षं सांभाळूनही त्यांना एकही थेंब पडताना दिसला नाही. पुढचा, म्हणजे नववा थेंब, त्यांच्या मृत्यूनंतर आठ महिन्यांनी, २०१४ च्या एप्रिलमध्ये सुटला. तोही खालचं भांडं बदलताना!

आयर्लंडमधल्या डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातही असाच एक प्रयोग १९४४ पासून चालू आहे. तिथे ११ जुलै २०१३ रोजी थेंब पडताना कॅमेऱ्यात पकडला गेला. पण सर्वाधिक काळ चाललेला प्रयोगशाळेतला प्रयोग म्हणून गिनीज बुकात नोंद आहे ती ब्रिस्बेनच्या नरसाळ्याची. २००५ साली पार्नेल (मरणोत्तर) आणि मेनस्टोन यांना 'इग नोबेल' मिळालं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला हा पुरस्कार देतात.

२. १८४० पासून वाजणारी घंटा

इंग्लंडमधल्या ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या क्लॅरेंडन प्रयोगशाळेत एक विजेची घंटा आहे. ती १८४० पासून वाजते आहे. हवेतली आर्द्रता फार वाढली तर कधीकधी थोडा वेळ थांबते, एवढंच. आजवर ती सुमारे एक हजार कोटी वेळा वाजली असावी असा अंदाज आहे. तरीही शेजारून जाणाऱ्याला ती ऐकू येत नाही, कारण ती काचेच्या दुहेरी आवरणात ठेवलेली आहे.

ती चालते कशी? दोन छोट्या घंटा आणि त्यांच्या मधोमध टांगलेली चार मिलिमीटरची धातूची गोळी. गोळी एका घंटेला टेकली की तिला त्या घंटेचा विद्युतभार मिळतो. सारखे भार एकमेकांना ढकलतात, म्हणून ती मागे फेकली जाते. दुसऱ्या घंटेवर विरुद्ध भार असतो, तो तिला ओढून घेतो. तिथे टेकली की पुन्हा तोच खेळ उलट दिशेने. यात वीज इतकी कमी खर्च होते की बॅटऱ्या संपायचं नावच घेत नाहीत. सर्वाधिक टिकलेली बॅटरी म्हणून गिनीज बुकाने तिची नोंद घेतली आहे.

खरी पंचाईत वेगळीच आहे. या बॅटऱ्यांवर गंधकाचा थर दिलेला आहे आणि आत नेमकं काय भरलं आहे, ते आज खात्रीने कोणालाच सांगता येत नाही. उघडून पाहिलं तर कळेल, पण मग घंटा बंद पडेल. त्यामुळे शास्त्रज्ञ उत्तराच्या शेजारी बसून वाट पाहत आहेत.

३. न विझणारा बल्ब

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर गावी अग्निशमन केंद्रात एक बल्ब १९०१ पासून जळतो आहे. १९७६ साली केंद्र नव्या जागी गेलं, तेव्हा फिरवून काढताना तो फुटेल या भीतीने त्याची वायरच कापली आणि पोलीस व अग्निशमन दलाच्या बंदोबस्तात त्याला नेलं. २०१३ साली एकदा तो विझला. सगळ्यांना वाटलं, गेला! पण बिघडलं होतं त्याला वीज पुरवणारं यंत्र. थेट वीज जोडताच बल्ब पुन्हा लागला.

या बल्बचा फोटो सोशल मीडियावर फिरतो तेव्हा सोबत एक दावाही असतो: 'बघा, पूर्वी बल्ब शंभर वर्षं टिकायचे, कंपन्यांनी मुद्दाम बिघडवले.' यात अर्धं तथ्य आहे. १९२४ साली फिलिप्स, ओस्राम यांसारख्या बड्या कंपन्यांनी 'फीबस' नावाचा करार केला होता आणि बल्बचं आयुष्य एक हजार तासांवर आणायचं ठरवलं होतं. हा इतिहास खरा आहे.

पण लिव्हरमोरचा बल्ब टिकला, त्यामागे दुसरं कारण आहे. त्याच्या आतली तार कार्बनची आहे आणि तो आता जेमतेम चार वॉटवर जळतो. म्हणजे रात्री लावायच्या झिरोच्या बल्बइतकाही उजेड नाही. तार कमी तापते, म्हणून कमी झिजते. शिवाय तो सहसा बंद होत नाही, त्यामुळे तापणं-थंड होणं यातला ताणही तिला सोसावा लागत नाही. तारेचा कोणताही बल्ब कमी दाबावर लावला तर तो खूप जास्त टिकेल. पण त्याच्या उजेडात तुम्हाला पेपर वाचता येणार नाही.

४. जमिनीत पुरलेल्या वीस बाटल्या

शेवटची गोष्ट शेतकऱ्याच्या प्रश्नाची आहे. कितीही निंदणी-खुरपणी करा, तण पुन्हा उगवतंच. मग तणाचं बी जमिनीत किती वर्षं जिवंत राहतं? १८७९ साली अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये विल्यम बील या वनस्पतिशास्त्रज्ञाने हे शोधायचं ठरवलं. त्यांनी २० बाटल्या घेतल्या. प्रत्येकीत २१ जातींच्या वनस्पतींचं प्रत्येकी ५० बी ओलसर वाळूत मिसळून भरलं. पाणी साचू नये म्हणून बाटल्यांची तोंडं खाली करून त्या पुरल्या.

दर पाच वर्षांनी एक बाटली काढायची असं ठरलं होतं. पण बी काही मरेना! मग पुढच्या शास्त्रज्ञांनी अंतर दहा वर्षं केलं, नंतर वीस. बाटल्या अंधारात काढतात, कारण उजेड लागला तर बाकीचं बी रुजू शकतं. जागा कुणाला सांगत नाहीत, नकाशा एका पिढीकडून दुसरीकडे सोपवला जातो.

२०२० ची बाटली कोरोनामुळे रखडली आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये पहाटेपूर्वी काढली गेली. त्यातलं बी पेरलं आणि १४२ वर्षांनी अंकुर फुटले! उगवली ती बहुतेक सगळी 'व्हर्बॅस्कम' नावाच्या रानटी झाडाची रोपं. शेतात तण नव्याने का येत राहतं, याचं उत्तर तिथे डोळ्यांसमोर होतं.

या चारही गोष्टी विक्रम करायला म्हणून कोणी सुरू केल्या नव्हत्या. एकाने विद्यार्थ्यांना धडा दाखवायला नरसाळं भरलं, दुसऱ्याने शेतीचा प्रश्न सोडवायला बी पुरलं. त्या टिकल्या, कारण सुरू करणारा गेल्यावर दुसऱ्या कोणीतरी त्या सांभाळल्या. बील यांच्या अजून चार बाटल्या जमिनीत आहेत. पुढची निघेल २०४० साली आणि शेवटची २१०० साली. ती काढणारा माणूस कदाचित अजून जन्मलाही नसेल.