गाठोडं हरवलं म्हणून

आपल्या कुलवृत्तांतांतले मूळपुरुष बहुधा सनद मिळवलेले असतात. ऑस्ट्रेलियातल्या केबल घराण्याचा मूळपुरुष हेन्री केबल घरफोडीत सापडलेला! १७८३ साली बापलेकांना फाशीची शिक्षा झाली. बाप फासावर गेला, हेन्री हद्दपारीवर सुटला. नॉर्विचच्या तुरुंगात कैदी सुझाना होम्सशी सूत जुळलं आणि १७८६ साली तिथंच पोरगा झाला. कप्तान तान्ह्याला जहाजावर घेईना, तेव्हा तुरुंगाचा पहारेकरी जॉन सिम्पसन पोराला घेऊन थेट लंडनला, गृहमंत्री लॉर्ड सिडनीच्या दारात गेला. कैद्यांच्या पहिल्या ताफ्यातून कुटुंब एकत्र ऑस्ट्रेलियाला निघालं. लोकांनी वर्गणी काढून २० पौंडांचे कपडे-पुस्तकं बांधून दिली. ते गाठोडं चढलं 'अलेक्झांडर' जहाजावर.

घराण्यात सांगतात, हेन्रीनं वसाहतीचा गव्हर्नर फिलिप याला खांद्यावर घेऊन किनाऱ्यावर उतरवलं आणि पहिलं पाऊल हेन्रीचंच पडलं. गोष्ट झकास, पण जुळत नाही. फिलिप 'सप्लाय' जहाजातून पुढे गेलेला, हेन्री मागून येणाऱ्या 'फ्रेंडशिप'वर. म्हणून २६ जानेवारी १७८८ हा उतरण्याचा दिवस या कुळाचा आरंभ मानायला मी तयार नाही. हेन्री-सुझानाच्या १० फेब्रुवारीच्या लग्नालाही नाही. त्या दिवशी आणखी चार जोडप्यांची लग्नं लागली.

माझ्या मते कुळ सुरू झालं ते जुलैत. गाठोड्यातली पुस्तकं तेवढी हाती आली, बाकीचं गायब. नवरा-बायकोनं 'अलेक्झांडर'चा कप्तान डंकन सिंक्लेअरवर दावा लावला. इंग्लंडात फाशीची शिक्षा झालेला माणूस कायद्यानं मेलेलाच, त्याला दावा कुठला? पण सिडनी वसाहतीतल्या दाव्याच्या कागदावर दोघांचं वर्णन 'या जागी नव्यानं वस्ती केलेले' असं आलं. कैदी हा शब्दच नाही. काही अभ्यासकांना यात कारकुनी चलाखी दिसते: खरं लिहिलं तर दावाच उभा राहत नव्हता. असेल. पण मूळपुरुष कागदावर असाच चुकूनमाकून जन्मतो, आणि निकाल त्यांच्या बाजूनं लागला: १५ पौंड.

हेन्री पुढे मुख्य कॉन्स्टेबल झाला, १८०२ साली बेकायदा डुकरं आणल्यावरून नोकरीतून गेला, तरी व्यापारात गब्बर झाला. अकरा मुलं. पुढच्या पिढ्यांना कैद्याचं रक्त सांगायची लाज वाटे. आता पहिल्या ताफ्यातल्यांच्या वंशजांची १९६८ पासूनची संस्थाच आहे. विंडसरच्या सेंट मॅथ्यूज चर्चच्या आवारात हेन्री-सुझाना पुरलेले आहेत. तिथं जाणाऱ्यानं फुलांसोबत एखादं जुनं पुस्तक न्यावं, हा माझा हट्ट.