कापसाचा भाव आणि उघडी तार

देवळी हे वर्ध्याहून यवतमाळकडे जाणाऱ्या वाटेवरचे कापसाचे गाव. गाडी भरली की येथील शेतकऱ्याचा प्रश्न एकच: आज भाव काय? १८७० साली समुद्रातील तार मुंबईला येऊन मिळाली आणि लिव्हरपूलचा भाव तेथील पेढ्यांना लवकर कळू लागला. पेढ्यांना, शेतकऱ्याला नव्हे! भाव ज्याला आधी कळतो, सौद्यात त्याचेच पारडे जड.

पुढे जवळच्या सेवाग्रामात व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्याशी बोलणे व्हावे म्हणून गांधीजींसाठी टेलिफोन बसला. तारेहून हा प्रकार निराळा. येथे दोन्ही टोकांना एकाच वेळी तोंड आणि कान.

गंमत अशी, की इंटरनेटवरील वेब जन्मले ते मात्र टपालाच्या खिडकीसारखे. ब्राउझरने विचारावे, सर्व्हरने उत्तर द्यावे, खिडकी बंद! सर्व्हर आपणहून काही सांगू शकत नसे. बदलता भाव हवा तर बिचाऱ्या ब्राउझरने पुनःपुन्हा जाऊन ‘आले का पत्र?’ म्हणावे. मग काहींनी बातमी येईपर्यंत उत्तर रोखून धरण्याची युक्ती काढली. २००६ साली ॲलेक्स रसेल यांनी अशा युक्त्यांना ‘कॉमेट’ नाव दिले. २००८ मध्ये इयन हिक्सन व मायकेल कार्टर यांच्या चर्चेतून ‘वेबसॉकेट’ हे नाव पुढे आले आणि डिसेंबर २०११ मध्ये त्याचे प्रमाण नियम प्रसिद्ध झाले.

त्यात ब्राउझर नेहमीसारखीच विनंती करतो, पण सोबत ‘वाट बदलू या का?’ असेही विचारतो. सर्व्हर १०१ या अंकाने रुकार देतो. तेथून तार उघडीच राहते. कोणीही केव्हाही बोलावे. सर्व्हरच्या लहानशा निरोपाला वेष्टन अवघे २ बाइटांचे!

ओझे मात्र सर्व्हरवर येते. पूर्वी गिऱ्हाईक गेले की तो विसरत असे; आता प्रत्येक उघडी तार त्याने सांभाळावयाची. सर्व्हर अनेक असतील तर कोणाची तार कोणाकडे, हेही पाहावयाचे. समोरचा जागा आहे ना, म्हणून ‘पिंग’ धाडावयाचे आणि ‘पाँग’ची वाट पाहावयाची.

आणि शिवारात सिग्नल गेला तर? मधले निरोप वेबसॉकेट जपून ठेवीत नाही. ते पुन्हा मागण्याची सोय प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानेच करावयाची. नाहीतर पडद्यावर सकाळचाच भाव ताजा म्हणून मिरवतो, आणि गाडी त्या भरवशावर बाजाराला निघते. आकड्याशेजारी वेळ दाखविणे आणि तार तुटल्याचे स्पष्ट सांगणे, हे काम मला १०१ च्या जादूहून मोठे वाटते.