हजेरीपटाबाहेरची माणसे

मी व्यवसायाने वकील आहे. नगरपालिका, महामंडळे अशा सार्वजनिक संस्थांना कामगार व नोकरीविषयक प्रश्नांवर सल्ला देणे हे माझे काम. औद्योगिक न्यायालयात मी मालकपक्षाच्या बाजूला बसतो. माझे वडील झाडूवाले होते. ‘तू तिकडे कसा?’ असे चळवळीतले मित्र विचारतात. उत्तर द्यायचे तर आधी थोडा इतिहास सांगावा लागेल. ज्या टेबलाशी मी बसतो ते टेबल फार जुने आहे, आणि आपल्या माणसांचे काय करायचे हे त्याच्यावर पिढ्यान्‌पिढ्या लिहिले गेले आहे.

मुंबई शहराच्या १८८८ च्या म्युनिसिपल कायद्यात ‘हलालखोर कर’ होता. मैला उचलण्यासाठी शहर कर भरत होते आणि त्या कराला नाव उचलणाऱ्याचे होते. १८८९ मध्ये या कामगारांनी संप केला. लगेच १८९० साली मुंबई इलाख्यात म्युनिसिपल नोकरांविषयी वेगळा कायदा आला. सफाईसारख्या निकडीच्या कामावरील नोकराने नोटीस न देता काम सोडणे हा गुन्हा ठरला आणि त्याला कैदेची शिक्षा आली. हा माणूस गेला तर शहर सडेल हे सरकारला पक्के कळले होते. त्याचा पगार वाढवण्यापेक्षा त्याचे पाय बांधणे स्वस्त होते, म्हणून पाय बांधले.

बाबासाहेबांनी १९३५ साली म्युनिसिपल कामगार संघ उभारला. सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात औद्योगिक कलह विधेयकाला त्यांनी विरोध केला आणि ७ नोव्हेंबरला एक दिवसाचा संप झाला. कामगाराला त्याच्या इच्छेविरुद्ध कामाला जुंपणे आणि नकार दिल्यास तुरुंगात टाकणे म्हणजे गुलामी, असा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूरमंत्री झाले. म्हणजे सरकारच्या खुर्चीवरही ते बसले. त्याच काळात, १९४६ च्या एप्रिलमध्ये, स्थायी आदेशांचा कायदा झाला. कोण कायम, कोण तात्पुरता, कोण बदली, हे मालकाने लेखी द्यावे, कामगाराला कळेल असे लावावे, हे त्या कायद्याचे सार. मालकाच्या मर्जीतली गोष्ट कागदावर आली. खुर्ची कोणत्या बाजूला आहे यापेक्षा तिच्यावर बसून काय लिहिले गेले, हे तपासायला मी तिथून शिकलो. शिकलो खरा, पण उशिरा.

१९७० मध्ये कंत्राटी कामगारांचा कायदा झाला. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी तो लागू होता. १९७१ च्या राज्याच्या कायद्याने, कायमपणाचे हक्क मिळू नयेत म्हणून माणसाला वर्षानुवर्षे बदली किंवा तात्पुरता ठेवणे ही अनुचित प्रथा ठरवली. कायदे चांगले होते. मग आमच्यासारख्या सल्लागारांना काम मिळाले.

नव्वदीच्या अखेरीस एका नगरपालिकेने माझे मत मागवले. सफाईचे काम लहान लहान ठेक्यांत वाटले, एकेका ठेक्यावर वीसपेक्षा कमी माणसे ठेवली, तर कायदा लागू होईल का? ठेकेदाराऐवजी संस्था नेमली आणि मजुरीला ‘मानधन’ म्हटले तर? मी चार पानी मत दिले : हरकत नाही. कायद्याच्या शब्दाला धरूनच दिले. त्या रात्री वडिलांना सहज सांगितले. त्यांनी एवढेच विचारले, “त्यांची हजेरी कोण घेतो रे?”

मी म्हणालो, “मुकादम.”

“मुकादम कोणाचा?”

“पालिकेचा.”

“मग माणसं कोणाची?”

चौथी इयत्ता शिकलेल्या माणसाचा हा प्रश्न. ठेका खरा की नुसता देखावा, हे पाहताना न्यायालयेही हेच विचारतात : कामावर देखरेख कोणाची, माणसाला कामावरून काढण्याचा अधिकार कोणाचा?

कायद्याची वाट पुढेही सरळ नव्हती. १९७६ च्या केंद्रीय अधिसूचनेने केंद्राच्या अखत्यारीतील आस्थापनांच्या इमारतींमध्ये झाडलोटीसाठी कंत्राटी कामगार लावण्यास बंदी केली होती. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये ती रद्द केली. २००६ च्या उमादेवी निकालानंतर तर प्रत्येक पालिकेच्या उत्तरात तेच नाव येऊ लागले. २००९ मध्ये एस.टी.च्या सफाई कामगारांसाठी लढणाऱ्या कास्ट्राइब संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, उमादेवीमुळे अनुचित प्रथा रोखण्याचे औद्योगिक न्यायालयाचे अधिकार संपत नाहीत. आणि ७ एप्रिल २०१७ रोजी, कचरा वाहतूक श्रमिक संघाच्या लढ्यात, मुंबई महापालिकेच्या सुमारे २,७०० कामगारांना कायम करण्याचा न्यायाधिकरणाचा २०१४ चा निवाडा सर्वोच्च न्यायालयातही टिकला. मधल्या वर्षांत ज्यांची कंबर मोडली, जे गेले, त्यांना तो निकाल वाचता आला नाही.

हे सारे एकत्र ठेवले की एक गोष्ट दिसते. १८९० च्या कायद्याने झाडूवाल्याला सांगितले, तुला काम सोडून जाता येणार नाही. शंभर वर्षांनी फायलीने त्याच माणसाच्या नातवाला सांगितले, तू कामावर आलाच नव्हतास. पहिल्या वेळी तो नोकर होता म्हणून बांधला गेला, दुसऱ्या वेळी तो नोकर नाही म्हणून सोडला गेला. घाण तीच, झाडू तोच, जातही तीच. आणि या दुसऱ्या वाक्याला कायद्याची भाषा पुरवणाऱ्यांत मी होतो.

ते मत मला परत घेता आले नाही. त्यानंतर मात्र माझ्याकडे असा कागद आला की मी पहिल्या ओळीत वडिलांचा प्रश्न लिहितो आणि मुकादम कोणाचा ते विचारतो. काही संस्थांनी माझ्याकडे येणे थांबवले. काहींनी माणसे हजेरीपटावर घेतली, कारण खटला हरण्यापेक्षा ते स्वस्त पडेल हे मी त्यांना आकड्यांत दाखवले.

आपली मुले आता वकील होत आहेत, अधिकारी होत आहेत, ही टेबले त्यांच्याही पुढे येणार आहेत. त्यांनी तिथे बसू नये असे मी म्हणणार नाही. सही करण्याआधी हजेरीपट मागवून पाहावा, एवढेच सांगतो.