देनची कासुरी

जपानच्या क्यूशू बेटावर कुरुमे नावाचं शहर आहे. अठरावं शतक सरताना तिथल्या एका तांदूळ व्यापाऱ्याच्या मुलीच्या हाती जुनं निळं कापड आलं. वापरून वापरून त्याचा रंग उडाला होता आणि जागोजागी पांढरे ठिपके पडले होते. दुसऱ्या कुणी त्याचं पायपुसणं केलं असतं. बारा-तेरा वर्षांच्या या पोरीनं ते धागा धागा करून उकललं. कुठल्या धाग्यावर कुठे पांढरं राहिलंय ते पाहिलं, कोरं सूत घेऊन नेमक्या त्याच जागी गाठी आवळल्या, लडी निळीत बुडवली, गाठी सोडल्या आणि विणायला बसली. कापडावर ठिपके उमटले. ही मुलगी पुढे इनोउए देन या नावानं ओळखली गेली आणि ते कापड कुरुमे कासुरी म्हणून.

कुरुमेत ही गोष्ट कौतुकानं सांगतात. ती खोटी मानायचं मला कारण दिसत नाही, पण तिच्यावरून कासुरीचा जन्मच कुरुमेत झाला असं म्हणणं जरा जास्त होतं. सूत आधी बांधून रंगवायचं आणि मग विणायचं, ही विद्या दक्षिणेकडच्या र्‍युक्यू बेटांत आधीपासून होती आणि तिथलं कापड क्यूशूच्या दक्षिणेकडच्या सात्सुमा प्रांतामार्गे जपानात येत होतं. तिची पाळंमुळं शोधणारे बहुतेक जण आग्नेय आशियातून भारतापर्यंत येतात. पाटणचा पटोला आणि पोचमपल्ली ही त्याच गोतावळ्यातली. पटोला विणणारे साळवी मूळचे जालन्याकडचे, अशीही परंपरा आहे. देनला यातलं काही शिकवायला कुणी नव्हतं. तिच्यासमोर फक्त तयार कापड होतं आणि ती त्यावरून उलटी चालत गाठीपर्यंत पोचली. माझ्या मते तिचं मोठेपण इथेच आहे.

ठिपके जमल्यावर तिला चित्रं विणायची होती. ते काही जमेना, तेव्हा तिनं मदत मागितली ती गावातल्याच एका कासवाच्या कवचाच्या वस्तू बनवणाऱ्या कारागिराच्या मुलाकडे. तो पंधराच्या आसपासचा, यांत्रिक खेळण्यांनी झपाटलेला. त्याचं नाव तानाका हिसाशिगे. पुढे 1875 मध्ये तोक्योत त्यानं काढलेल्या कारखान्यातून आजची तोशिबा उभी राहिली. देन तिशीच्या आतच विधवा झाली, पदरी तीन मुलं. तिनं माग सोडला नाही, उलट शिकवायला घेतलं. 1869 मध्ये ती गेली तोवर तिच्या हाताखालून शेकडो विणकर तयार झाले होते.

काम मोठं किचकट. नक्षी आधी कागदावर आखायची, सूत आटणार किती याचा हिशेब त्यातच धरायचा. मग धाग्यांच्या जुड्यांवर खुणा करून, रंग लागू द्यायचा नाही तिथे तागासारख्या झाडाच्या सालीनं घट्ट बांधायचं. नीळ आंबवलेल्या पानांची, जमिनीत पुरलेल्या रांजणांतली. लडी बुडवायची, पिळायची, जमिनीवर आपटायची, म्हणजे आतल्या धाग्याला हवा लागून रंग धरतो. हे पुन्हा पुन्हा करायचं. ताणा आणि बाणा दोन्हींवर नक्षी असली की विणताना एकेका धाग्याची जागा बोटांनी जुळवावी लागते. तरीही धागे केसभर सरकतातच. पांढऱ्याची कड जी किंचित फुटलेली दिसते, ती त्यामुळे. ती कड अगदी रेखीव असली तर मला कापड छापलेलं असल्याचा संशय येतो.

1877 च्या सात्सुमा बंडाच्या वेळी या भागात आलेल्या सैनिकांनी आठवण म्हणून कासुरी घरी नेली. मागणी वाढली, तसा हलक्या रंगाचा निकृष्ट मालही बाजारात आला आणि नाव खराब झालं. ते सावरायला वेळ लागला. 1957 मध्ये सरकारनं ही विद्या महत्त्वाचा अमूर्त सांस्कृतिक वारसा ठरवली आणि तीन अटी घातल्या: गाठी हातानं बांधायच्या, नीळ नैसर्गिक हवी, धोटा हातानं टाकायचा.

या अटींत बसणारं कापड आता थोडं आणि महाग. बाकीचं यंत्रानं बांधलेल्या सुतातून, जुन्या यंत्रमागांवर निघतं आणि त्याच्या मोंपे, म्हणजे शेतात घालायच्या ढगळ विजारी, शिवल्या जातात. जाणकार मंडळी त्याला दुय्यम मानतात. देनचं कापड मात्र दरबारासाठी नव्हतं. ते सुती होतं, रोज अंगावर घालायचं आणि धुऊन धुऊन विटवायचं.